उरलेल्या मालाचा ब्रेकर

गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून जोरात दाबायचं आणि हात एकदम काढून घ्यायचा. पुढचे शॉकअप धडधाकट असतील तर गाडीचं नाक एकदा वर येतं आणि तिथंच शांत होतं. श्रीनिवास भोयरांच्या पांढऱ्या गाडीचं नाक वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं आणि मग कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखं बराच वेळ डोलत राहिलं. डाव्या बाजूनं तर प्रत्येक हेलकाव्याला एक बारीक ‘कुंई’ ऐकू येत होती.

“पाहिलंत?” यशोदाबाईंनी हात झटकत विचारलं. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आधी तपासायचं आणि मग बोलायचं, ही सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

“पाहिलं,” श्रीनिवासराव म्हणाले. “म्हातारी झाली गाडी.”

“झाली नाही. केली.”

फाटकाबाहेर, रस्त्यावर आडव्या पडलेल्या सिमेंटच्या उंचवट्याकडं श्रीनिवासरावांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतली ही गल्ली एकेका प्लॉटनं वाढत गेलेली. श्रीनिवासराव एका महाविद्यालयात हेडक्लार्क होते. गल्लीतलं पहिलं घर त्यांनी बांधलं. छताचा स्लॅब टाकला त्या दिवशी थोडा माल उरला. सिमेंट, रेती, गिट्टी कालवलेली. ती काही पुन्हा पोत्यात भरता येत नाही. मिस्त्रीनं विचारलं, “साहेब, याचं काय करू?” मुलगी ईरा तेव्हा सायकलवरून शाळेत जायची आणि मोटारसायकलवाली पोरं रस्त्यानं सुसाट पळायची. साहेब म्हणाले, “फाटकासमोर टाक. ब्रेकर होऊन जाईल.”

झाला. पुढं शेजारच्या प्लॉटवर स्लॅब टाकला गेला. त्यांचाही माल उरला. ‘भोयर साहेबांच्या दारात आहे, मग आपल्याच दारात काऊन नाई?’ असं म्हणून त्यांनीही टाकला. बघता बघता ती गल्लीची रीतच झाली. स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण, घरमालकाला टॉवेल-टोपी आणि उरलेल्या मालाचा ब्रेकर! प्रत्येक नवा ब्रेकर आधीच्यापेक्षा बोटभर उंच. सामान पोचवणारी पोरं पत्ता विचारायची तेव्हा लोक सांगायचे, “भोयर साहेबांच्या ब्रेकरच्या पुढं डावीकडं.” खरं सांगायचं तर श्रीनिवासरावांना ते ऐकायला आवडायचं. नोकरीत त्यांच्या नावाची साधी पाटीही कधी लागली नव्हती. इथं अख्खा ब्रेकर त्यांच्या नावानं ओळखला जात होता.

यशोदाबाई मात्र वरचेवर म्हणायच्या, “अहो, तो ब्रेकर काढून टाकू.” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, “बघू.” कधी दिवाळीनंतर बघू, कधी उन्हाळ्यात बघू.

पण त्या सकाळी ईराचा फोन आला आणि ‘बघू’ म्हणायची सोय राहिली नाही.

ईरा तळेगावला असायची. तिचा नवरा सुमीत तिथंच बँकेत होता. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार म्हणून इकडं केव्हाची तयारी चालली होती. श्रीनिवासरावांनी खोलीला रंग दिला होता, पाळण्याच्या कड्या दोनदा तपासल्या होत्या.

“बाबा, रागावू नका हं,” तिनं सुरुवातच अशी केली. “डॉक्टर म्हणतात, वर्ध्याला मोठ्या दवाखान्याजवळ जाऊन राहा. काळजीचं कारण नाही, पण धक्के अजिबात नकोत. तळेगावपासून रस्ता चांगला आहे, सुमीत हळूहळू आणील. पण आपल्या गल्लीत शिरलं की... मागच्या वेळी माझे दात वाजले होते, आठवतं? आणि आता तर दर आठवड्याला तपासणीला जायचं. म्हणून मी रिंकूताईकडंच राहते. तिचं घर दवाखान्याच्या रस्त्यावरच आहे.”

रिंकू म्हणजे ईराची नणंद. भली बाई होती. पण म्हणून काय झालं?

“पहिलं बाळंतपण नणंदेकडं?” श्रीनिवासरावांचा आवाज चढला. “लोक काय म्हणतील? माहेर काय ओस पडलं तुझं?”

“माहेर ओस नाही पडलं, बाबा,” ईरा हसत म्हणाली. “माहेरचा रस्ता तेवढा उंच झाला.”

फोन ठेवल्यावर श्रीनिवासराव थोडा वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग एकदम थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

“गाडीचे शॉकअप बदलून टाकू! स्प्रिंगासुद्धा! नवेकोरे टाकले की गाडी कशी पाण्यावरच्या नावेसारखी चालेल. मी स्वतः जातो तळेगावला पोरीला आणायला.”

“आणि ब्रेकर?”

“गाडी चांगली झाल्यावर ब्रेकर काय करते?”

यशोदाबाईंनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. “चला,” त्या म्हणाल्या, “मीही येते. प्रयोग करून पाहू.”

* * *

अश्वजितचं गॅरेज आर्वी नाक्याच्या पुढं होतं. गाडी आत वळायच्या आधीच तो हात पुसत बाहेर आला.

“या काकाजी, या काकू! पिपरीची गाडी ना? तुमच्या कॉलनीचीच पोरं इकडे गाड्या घेऊन येतात. दुरूनच ओळखली.”

“कशी रे? नंबरवरून?”

“नंबर कोण पाह्यते जी! चालीवरून. तुमच्या त्या गल्लीतली गाडी लचकतच येते.”

त्यानं गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराची घोडी लावली आणि पुढची दोन्ही चाकं काढली. डाव्या चाकामागचा शॉकअप वरपासून खालपर्यंत तेलानं माखला होता.

“हा पाहा. तेल ओकून राह्यला. याच्यात जीव नाई आता.” मग त्यानं बॅटरीचा उजेड स्प्रिंगवर टाकला. “आन् हे पाहा. खालचा वेढा तुटला. स्प्रिंगचं शेपूटच गायब हाय!”

“मग डाव्या बाजूचं बदलून टाक,” श्रीनिवासराव म्हणाले. “उजवी बाजू ठीक दिसते.”

“नाई काकाजी. जोडीनंच बदला लागते. एकीकडे नवा आन् एकीकडे जुना ठेवला तं गाडीची चाल कशी होईन, सांगू? एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून लग्नात नाचल्यावानी.”

यशोदाबाई खळखळून हसल्या आणि श्रीनिवासरावांनाही हसू आवरलं नाही. जोडीनं बदलायचं ठरलं.

अश्वजितचे हात भराभर चालले होते. बॉनेटच्या आतले वरचे नट, चाकाकडचे बोल्ट, मग शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग अशी अख्खी जोडणी बाहेर. स्प्रिंग आवळून धरायला त्यानं दोन्ही बाजूंनी शिकंजे लावले, तशा यशोदाबाई उत्सुकतेनं पुढं झाल्या.

“काकू, दूर! दाबलेली स्प्रिंग सुटली तं कोणाले ओळखत नाई.”

“ते बरोबर आहे,” त्या दोन पावलं मागं सरल्या. “दाबताना जेवढं घालावं तेवढं ती परत करणारच.”

जुना शॉकअप सुटा झाल्यावर त्यांनी तो मागून घेतला. मधला दांडा वर ओढून खाली दाबला. तो भसकन आत गेला, फुटक्या पिचकारीसारखा. मग नवा घेतला. तो दाबायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला आणि दांडा संथपणे, जणू विचार करत करत, आत गेला.

“तुम्ही पाहा दाबून,” त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. “स्प्रिंगचं काम सोपं असतं. खालून धक्का आला की ती आकसते आणि तो धक्का तसाच परत फेकते. तिच्या एकटीच्या भरवशावर गाडी नाचतच राहील. शॉकअप तो धक्का परत फेकत नाही. स्वतः थोडा गरम होतो, पण पचवतो. म्हणून आत बसलेला माणूस सुखात राहतो.”

श्रीनिवासरावांनी दांडा दाबला. मान हलवली. पत्नीची ही शिकवण्याची लकब त्यांना आवडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिच्याकडून कुकरच्या शिट्टीमागचं शास्त्र असंच ऐकलं होतं.

“काहीही म्हणा काकाजी,” अश्वजित नवी स्प्रिंग बसवता बसवता म्हणाला, “तुमच्या कॉलनीचे लय उपकार हाय माझ्यावर. तिथल्या गाड्या हाय म्हणून माझं गॅरेज बारा महिने भरून राह्यते. ज्या महापुरुषानं तिथं पहिला ब्रेकर टाकला ना, त्याचा फोटो पाहिजे होता मले. इथं भिंतीवर लावीन. रोज उदबत्ती ओवाळीन!”

श्रीनिवासरावांना अचानक खोकला आला.

“फोटो आहे माझ्याकडं,” यशोदाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. “लग्नातला चालेल का?”

अश्वजितचा पाना हवेतच थांबला. त्यानं काकूंकडं पाहिलं, मग काकाजींकडं पाहिलं, मग जीभ चावली. आणि पुढच्या क्षणी तिघंही असे हसले, की बाजूच्या पंक्चरवाल्यानं काय झालं म्हणून डोकावून पाहिलं. श्रीनिवासराव हसले खरे. पण हसून झाल्यावर त्यांचे कान गरम झाले होते.

* * *

दुपार कलता कलता गाडी तयार झाली. अश्वजितनं चाकांची दिशा सरळ करून घेतली, एक चक्कर मारून आणली आणि किल्ली हातात दिली. “जा आता आरामात. लोणी हाय, लोणी!”

निघताना यशोदाबाईंनी गॅरेजच्या माठातलं पाणी एका स्टीलच्या पेल्यात काठापर्यंत भरून घेतलं. “पेला उद्या आणून देते रे,” म्हणाल्या आणि तो हातात सांभाळत पुढच्या सीटवर बसल्या.

“हे काय?”

“प्रयोग. ईरा बसणार आहे ना गाडीत? तिच्याऐवजी आज पाणी बसलंय.”

मोठ्या रस्त्यानं गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. डांबराचे जोड आले, एक खड्डा आला; पेल्यातल्या पाण्यावर नुसती वर्तुळं उठली आणि विरली. थेंबही सांडला नाही. श्रीनिवासराव गुणगुणू लागले. रस्त्याच्या कडेनं ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लावून बसलेल्या बाया, उसाच्या रसाची गाडी, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं जग त्यांना एकदम आपलंसं वाटू लागलं.

“पाहिलंस? उगाच काळजी करत होतीस!”

“अजून घर यायचंय,” यशोदाबाई म्हणाल्या.

गल्ली आली. पहिल्या ब्रेकरवर गाडी चढली, उतरली आणि पाणी यशोदाबाईंच्या बोटांवरून ओघळलं. दुसऱ्यावर पदर भिजला. श्रीनिवासरावांनी वेग आणखी कमी केला. शेजारून दोन पोरं मोटारसायकलवर आली, ब्रेकर आणि नाली यांच्यामधल्या फटीतून नागमोडी वळण घेत सुईसारखी निघून गेली.

“ज्यांच्यासाठी टाकला, ते चालले पाहा मजेत,” यशोदाबाई म्हणाल्या.

शेवटी स्वतःचं फाटक आलं. समोर ‘भोयर साहेबांचा ब्रेकर’. इतरांचे ब्रेकर जास्त उंच झाले म्हणून श्रीनिवासरावांनीही मध्यंतरी त्याच्यावर एक थर चढवला होता, पण घाईत. तो एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बसका झाला होता. त्यांनी श्वास रोखून गाडी मुंगीच्या चालीनं वर घेतली. पुढची चाकं चढली. गाडी उजवीकडं कलंडली. पोटाखालून ‘खर्रर’ असा लांबलचक आवाज आला, चाकं धपकन उतरली आणि पेल्यात उरलेलं सगळं पाणी थेट श्रीनिवासरावांच्या मांडीवर आलं.

ते तसेच खाली उतरले. नेमक्या त्याच वेळी समोरून वच्छलाबाई येत होत्या. पलीकडच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या बाई; एका हातात काठी, दुसऱ्या हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्या थबकल्या. श्रीनिवासरावांच्या ओल्या पॅंटकडं पाहून म्हणाल्या,

“काऊन जी भाऊ? दवाखान्यात दाखवलं का नाई?”

“पाणी सांडलं हो, वच्छलाबाई! पेल्यातलं!”

“असंच म्हणतात सारे,” त्या गालात हसल्या. मग काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. “ब्रेकरवर सांडलं असंन. मी पाहा, गल्लीच्या तोंडच्या मोडावरून पायी येऊन राह्यली. ऑटोवाला आत येतच नाई. म्हणते, ‘आजी, आत नेलं तं कमरेचा पट्टा तुमाले घ्यावा लागंन का मले?’ आता मले सांगा भाऊ, माझ्या कमरेनं कोणाचं काय बिघडवलं?”

त्या टुकटुक करत निघून गेल्या. श्रीनिवासराव तिथंच उभे राहिले.

* * *

संध्याकाळी ओसरीवर चहाचे कप घेऊन दोघं बसले. उकडलेल्या शेंगांची ताटली मध्ये होती. वच्छलाबाईंनीच मूठभर पाठवल्या होत्या.

“बरं, मान्य,” श्रीनिवासराव शेंग सोलत म्हणाले. “पण ब्रेकर काढला आणि एखादं पोर गाडीखाली आलं तर?”

“विचारायलाच हवा असा प्रश्न आहे,” यशोदाबाई म्हणाल्या. “वळणावर अंगणवाडी आहे. तिथं एक ब्रेकर हवाच. ग्रामपंचायतीला सांगून, बेताच्या उंचीचा, दोन्ही बाजूंना उतार दिलेला, पांढरे पट्टे मारलेला. रात्रीही दिसेल असा. तो पोरांना वाचवील. पण आपण काय केलं? प्रत्येकानं आपापल्या फाटकापुरतं पाहिलं. भरधाव पोरं कडेनं निघून जातात. अडतं कोण? वच्छलाबाईंची ऑटो अडते. उद्या कुणाच्या छातीत दुखलं तर दवाखान्याची गाडी अडेल. आपलीच पोरगी अडली.”

“मी काही वाईट विचारानं टाकला नव्हता.”

“कोणीच वाईट विचारानं टाकत नाही हो! तीच तर गंमत आहे. प्रत्येकाला वाटतं, माझ्या दारातला ब्रेकर म्हणजे सुरक्षा आणि दुसऱ्याच्या दारातला म्हणजे त्रास. सकाळी गॅरेजमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही पाहिलेत ना? आपली अख्खी गल्ली नुसत्या स्प्रिंगांची झालीय. एकानं धक्का दिला की दुसरा तो बोटभर वाढवून परत देतो. पचवणारा कोणी नाहीच!”

श्रीनिवासरावांनी शेंगेतला दाणा तोंडात टाकला, पण चावला नाही. बायको बरोबर बोलत होती हे त्यांना कळत होतं. अडचण वेगळीच होती. ब्रेकर फोडायचा म्हणजे चारचौघांत म्हणायचं, की आपलं चुकलं. लोक हसतील. आणि मग पत्ता कसा सांगतील? ‘भोयर साहेबांचा ब्रेकर’ जाऊन काय उरेल?

“बघू,” ते म्हणाले.

यशोदाबाईंनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्रीनिवासरावांना वाटून गेलं.

* * *

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला चंद्रभान कडूच्या घराचा स्लॅब होता. हा चंद्रभान हौशी माणूस. सकाळपासून मिक्सरची घरघर, मजुरांची घमेल्यांची रांग, वर-खाली हाका. दुपारी मांडवात जेवणाचा बेत. आलू-वांग्याची रस्सेदार भाजी, पोळ्या, भात आणि परातभर गरम जिलेबी. अख्खी गल्ली जमली होती. वच्छलाबाईंनी खुर्ची मांडवाच्या मधोमध ओढून घेतली होती आणि त्या वाढणाऱ्यांना हुकूम सोडत होत्या. “अरे, मजुरांले वाढा आधी! सकाळपासून ते राबून राह्यले, तुमी नाई!”

जेवणं आटोपत आली तसा चंद्रभान श्रीनिवासरावांजवळ आला. त्याच्या खांद्यावर नवा टॉवेल, कपाळावर कुंकवाचा टिळा, तोंडभर हसू.

“काकाजी, चला. तुमचीच वाट पाहून राह्यलो. माल उरला.”

त्याच्या फाटकासमोर रस्त्यावर दोन फळ्या आडव्या लावून ठेवल्या होत्या. बाजूला ओल्या मालाचा ढीग. मिस्त्री थापी घेऊन उकिडवा बसला होता. लोक हात धूत धूत भोवती जमले.

“नारळ तुमच्या हातानं फोडा लागते,” चंद्रभान म्हणाला आणि नारळ त्यांच्या हातात दिला. “आन् रागावू नका, पण तुमच्यापेक्षा चार बोटं उंच टाकतो. पाह्यणाऱ्यानं पाह्यतच राहावं!”

“चंद्रभान,” श्रीनिवासराव चाचरत म्हणाले, “माझ्याच हातानं काऊन?”

“घ्या! या गल्लीत ही रीत पाडली कोणं? तुमी! तुमाले पाहूनच तं सारे शिकले. तुमचा हात लागला की झालं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासराव हातातला नारळ धरून उभे राहिले. कालपर्यंत हे शब्द ऐकून त्यांची छाती फुगली असती. आज मात्र ते शब्द एकेक करून आत उतरले. तुम्हाला पाहूनच शिकले! म्हणजे वच्छलाबाईंना गल्लीच्या तोंडापासून पायी यायला त्यांनीच लावलं होतं. म्हणजे ईराच्या आणि तिच्या रंग दिलेल्या खोलीच्या मध्ये जे आडवं पडलं होतं, ते त्यांनीच पेरलं होतं. एक ब्रेकर नव्हे, सगळे!

त्यांनी मान वर केली. मांडवाच्या कडेला यशोदाबाई उभ्या होत्या. त्या काही सुचवत नव्हत्या, खुणावत नव्हत्या. वर्गात पोराला फळ्यापाशी उभं केलं की उत्तर त्याचं त्यालाच सुचू द्यावं, तशा नुसत्या पाहत होत्या.

“काकाजी, लवकर सांगा जी,” मिस्त्री म्हणाला. “माल आवळून राह्यला. एकदा घट्ट झाला तं मग काही करता येत नाई.”

आणि अचानक श्रीनिवासरावांना एक साधी गोष्ट उमगली. अरे, रीत जर आपल्या हातानं सुरू झाली असेल, तर ती थांबवायला तरी दुसऱ्या कुणाचा हात कशाला हवा? ज्याला पाहून लोक चुकीचं शिकले, त्यालाच पाहून ते बरोबरही शिकतील! केवढा मोठा मान आपल्या हातात आहे आणि आपण तो घ्यायला घाबरतोय! त्यांच्या मनावरचं ओझं असं उतरलं, की त्यांना भर रस्त्यात हसूच फुटलं.

“काय झालं, भाऊ?” वच्छलाबाईंनी विचारलं. “आज पुन्हा पाणी सांडलं का?”

सगळे हसले. श्रीनिवासराव सगळ्यांत मोठ्यानं हसले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारासमोर असा एखादा ब्रेकर असतोच. कुणाचा सिमेंटचा असतो, कुणाचा रस्ता अडवून घातलेल्या मांडवाचा, कुणाचा उंबऱ्यापुढं वाढवलेल्या ओट्याचा. तो टाकताना आपल्याला आपलं फाटक तेवढं दिसतं. पण रस्ता आपल्या फाटकाशी संपत नाही. तिथून पुढं दुसऱ्याचं घर सुरू होतं. आपण दिलेला धक्का सगळी गल्ली फिरून एक दिवस आपल्याच माणसाला बसतो. धक्का परत करायला ताकद लागत नाही. ते निर्जीव स्प्रिंगही करते. तो आपल्यापाशी थांबवायला माणूस लागतो, आणि असा माणूस आधी दुसरा कुणी होईल म्हणून वाट पाहत बसलं तर माल घट्ट होऊन जातो.

श्रीनिवासरावांनी नारळ चंद्रभानच्या हातात परत दिला.

“हा नारळ तुझ्या नव्या उंबऱ्यावर फोड, चंद्रभान. घर सुखाचं होवो. आणि हा माल तुझ्या अंगणातल्या तुळशीच्या ओट्याला लाव, रस्त्याला नको.”

“काऊन जी? माझं काही चुकलं का?”

“तुझं नाही. माझं चुकलं, आणि तुम्ही सगळे ते माझ्याकडून शिकलात.” त्यांनी गल्लीच्या वळणाकडं बोट दाखवलं. “वळणावर, अंगणवाडीपाशी एक ब्रेकर हवा. बेताचा, नियमाचा. त्याचा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत मी स्वतः जातो, तुम्ही सह्या करा. बाकीच्यांचं ज्यानं त्यानं ठरवावं, मी कुणाला जबरदस्ती करत नाही. पण माझी ईरा बाळंतपणाला माझ्याच घरी येणार आहे. वच्छलाबाईंची ऑटो त्यांच्या दारापर्यंत येणार आहे.”

परातीतली जिलेबी वाढायला निघालेला माणूस झारा हातात धरून थांबला. यशोदाबाईंनी डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या आणि त्या हसल्या.

श्रीनिवासराव मिस्त्रीकडं वळले आणि इतकी वर्षं ‘बघू’ म्हणून ठेवलेलं ते वाक्य, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले:

“मिस्त्री, थापी ठेवा आणि घण उचला. आत्ताच्या आत्ता माझा ब्रेकर फोडायचा!”